समुद्री घोळ धुळ्यात लावली तर माती खारावते का?

आपण विचारले आहे की, दिवेआगरच्या किनाऱ्यावर वाळूत पसरलेली जाड, रसाळ पानांची एक वनस्पती आपण पाहिली, ती खातात असे तिथे कोणीतरी सांगितले, तर ती धुळ्यात गच्चीवरच्या कुंडीत वाढेल का आणि तिला मिठाचे पाणी घालावे लागेल का. शेवटी आपण सहज लिहिले आहे की, अशा खारट झाडाने माती बिघडते आणि शेजारच्या कुंड्याही जातात, असे आपल्या वडिलांचे म्हणणे आहे. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर थोडक्यात देता येईल. तिसरी गोष्ट मात्र आमच्या घराण्यात गेली कित्येक वर्षे चालत आलेल्या वादाची आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पाने देठावर समोरासमोर जोडीने येतात, देठ लालसर असतो आणि फुले जांभळट गुलाबी असतात, या आपल्या वर्णनावरून ती सेसुवियम पोर्टुलाकास्ट्रम, म्हणजे समुद्री घोळच आहे. आपल्या शेतात उगवणाऱ्या घोळीशी किंवा चिवळीशी तिचे साम्य दिसण्यापुरतेच आहे. घोळीची फुले पिवळी असतात आणि तिचे कुळही वेगळे आहे. समुद्री घोळीचे खरे नातलग पाहायचे असेल तर पावसाळ्यात कपाशीत माजणारे ट्रायन्थेमा नावाचे तण पाहावे, ते तिच्याच ऐझोएसी कुळातले आहे. समुद्री घोळीच्या फुलाला पाकळ्या नसतात. आपल्याला जे गुलाबी दिसते ती आतून रंगलेली निदले, म्हणजे कळीभोवतीची बाहेरची दले असतात आणि फूल दिवसातले काही तासच उघडे राहते.

ती धुळ्यात वाढेल, निश्चित वाढेल. तिला भरपूर ऊन हवे आणि ते आपल्याकडे कमी नाही. वीतभर लांबीचे फाटे तोडून, खालची पाने काढून, दोन पेरे ओल्या वाळूत पुरले की मुळे फुटतात. पुढे फांद्या जमिनीवर पसरत जातात आणि टेकलेल्या प्रत्येक पेराला मूळ धरतात, म्हणून कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असावी. नुसती काळी माती वापरू नये, ती वाळल्यावर आवळते आणि कोवळी मुळे तुटतात. निम्मी वाळू मिसळावी, आणि वाळूचा भाव आज काय आहे हे आपल्याला ठाऊकच असेल, तेव्हा घरबांधणीची उरलेली चाळून घेतली तरी चालेल. मिठाची तिला गरज नाही. ती मीठ सोसणारी वनस्पती आहे, मिठावाचून अडून बसणारी नाही. तरीही थोडे मीठ मिळाले तर पाने अधिक जाड आणि रसाळ होतात, म्हणून हौस असल्यास एक लिटर पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ विरघळवून अधूनमधून द्यावे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्या पाण्याच्या शिंतोड्यांतही ती जगते, हे लक्षात घेतले तर एवढे मीठ तिच्या दृष्टीने काहीच नाही. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे पाणी मोरीत सोडून दिले जाते, तेही तिला चालते.

आता आपल्या वडिलांच्या म्हणण्याकडे येतो. हेच वाक्य माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, त्यांनी गावच्या पारावर चार माणसांत मला ऐकवले होते.

आमची शेती चोपडा तालुक्यात आहे. विहीर सामाईक, वावरे शेजारी शेजारी, मधे एक बांध. दोघांच्याही वावराचा खालचा कोपरा सखल आहे. वाडवडिलांच्या काळापासून केळीला पाटाने भरपूर पाणी सोडण्याची पद्धत होती. ते पाणी मुरत मुरत त्या कोपऱ्यात साचत असे, काळ्या जमिनीतून त्याचा निचरा होत नसे आणि उन्हाळ्यात ते वर चढून वाफ होऊन गेले की मागे क्षार राहत असत. होळीच्या सुमारास त्या कोपऱ्यावर पांढरा थर दिसू लागे. कपाशी उगवे ती विरळ, हरभरा तर अजिबात नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलढाण्याकडचा खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे, आणि तीच पूर्णा आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. परंतु आमच्या तुकड्यातला खार त्या खोऱ्यातून आलेला नव्हता, तो आम्हीच पाणी पाजून पाजून वर आणला होता.

आप्पांनी कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यावर जिप्समची पोती ओतली. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून मी दोन्ही बाजूंच्या मातीचा नमुना तपासून आणला आणि अहवाल आप्पांपुढे ठेवला. क्षारयुक्त जमीन आणि चोपण जमीन यांत फरक आहे. संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, विद्युतवाहकता (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू, म्हणजे पीएच, ८.५ च्या आत असेल तर ती क्षारयुक्त. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले, सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असेल तर ती चोपण. जिप्सममधले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेते, म्हणून ते चोपण जमिनीचे औषध आहे. आमची जमीन नुसती क्षारयुक्त होती. तिला चर खणून निचरा करून देणे आणि गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हाच उपाय होता. हे मी सांगितले, तेव्हा आप्पा म्हणाले की मास्तरांची शेती फळ्यावर चांगली पिकते. दुकानदाराच्या शब्दाला सख्ख्या घरच्या माणसाच्या शब्दापेक्षा जास्त वजन का मिळते, हे मला आजही समजलेले नाही.

अशा वातावरणात मी समुद्री घोळ आणली. माझी मुलगी अलिबाग तालुक्यात दिली आहे. व्याह्यांनी त्यांच्या खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावर माती धरून ठेवण्यासाठी ही वनस्पती लावलेली होती. त्यांनी भरपूर फाटे ओल्या गोणपाटात बांधून दिले. माझ्या बाजूच्या खाऱ्या कोपऱ्यात, जिथे गवतही धड येत नव्हते, तिथे ते मी पावसाळा ओसरताना लावले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिने तो तुकडा बऱ्यापैकी झाकून टाकला. आप्पा बांधावर आले, एक पान तोडून चावले, थुंकले आणि म्हणाले, "बापू, वावरमा मीठनं झाड लाई ऱ्हायना का रे तू?" त्यानंतर पारावर सभा भरली आणि गावाने मला मीठमास्तर हे नाव दिले.

आप्पांचा युक्तिवाद आपल्या वडिलांसारखाच होता. पान खारट आहे, पान गळणार, गळून मातीत मिसळणार, म्हणजे माती खारट होणार. ऐकायला हे सरळ वाटते. परंतु वनस्पती सोडियम तयार करीत नाही. पानात जे मीठ आहे ते तिने मुळांनी मातीतूनच उचललेले आहे. तिवर ही खाडीतली वनस्पती जास्तीचे मीठ पानाच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. समुद्री घोळीला तशा ग्रंथी नाहीत, ती मीठ पेशींच्या आतल्या रसधानीत, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीत, कोंडून ठेवते, त्याच्या जोरावर पाणी ओढते आणि म्हणून पान फुगीर होते. पान कापून वावराबाहेर नेले की त्यातले मीठही वावराबाहेर गेले. ट्युनिशियातल्या शास्त्रज्ञांनी खाऱ्या मातीत आधी ही वनस्पती वाढवून, कापून नेऊन, नंतर त्याच मातीत सातू पेरून पाहिला आणि तो न लावलेल्या मातीपेक्षा चांगला आला. तमिळनाडूतही क्षारपड जमिनीतून मीठ काढण्यासाठी तिचा अभ्यास झालेला आहे.

आप्पांच्या बोलण्यात कणभर तथ्य कुठे आहे तेही सांगतो, कारण ते स्वतः कधी तिथपर्यंत पोहोचले नाहीत. पीक कापले नाही, पाने तिथेच कुजू दिली, तर खालच्या थरातून ओढलेले मीठ वरच्या थरात येऊन पडते. याच कुळातली आइस प्लँट नावाची वनस्पती कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात अशाच रीतीने वरची माती खारवते आणि इतर रोपांना उगवू देत नाही. म्हणून समुद्री घोळ लावून विसरून जायची नसते. मी ती नियमाने कापत असे, काही घरी, काही सोयऱ्यांकडे जात असे, आणि उरलेली वावराबाहेर टाकली जात असे. काही हंगामांनंतर माझ्या तुकड्याची वाहकता खाली आली आणि तिथे ज्वारी उभी राहिली. त्याच काळात मी चरही खणला होता आणि पाऊसही चांगला झाला होता, त्यामुळे सगळे श्रेय घोळीला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. आप्पा सगळे श्रेय पावसाला देतात. पाऊस बांधाच्या त्यांच्या बाजूलाही पडला होता, एवढेच मी म्हणतो.

तेव्हा आपल्या वडिलांना सांगावे की, कुंडीत मीठ झाड घालत नाही, आपण घालतो. खारे पाणी दिले तर त्या कुंडीखाली तबकडी ठेवावी आणि तिचा निथळा तुळशीच्या किंवा मिरचीच्या कुंडीत जाऊ देऊ नये. त्यांची शेती असेल आणि त्यात पांढरा थर येत असेल, तर पोती विकत घेण्याआधी माती तपासून घ्यावी आणि अहवालातले वाहकता व सामूचे आकडे स्वतः वाचावेत.

खाण्याविषयी. फिलिपिन्समध्ये हिला दांपालित म्हणतात आणि तिचे आंबट लोणचे घालतात. आमच्याकडे कोवळे शेंडे खुडून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून, भाजी पिळून घेतात. मग तेलात जिरे, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परतून, भिजवलेली मुगाची डाळ टाकून ती शिजवली जाते, किंवा वरून बेसन पेरले जाते. कळण्याच्या भाकरीबरोबर ती उत्तम लागते. मीठ शेवटी, चाखून, आणि बहुधा लागतच नाही. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्यांदा सवयीने फोडणीतच मीठ टाकले होते आणि ती भाजी म्हशीनेही नाकारली. काळा मसाला घालू नये. खानदेशी माणसाला प्रत्येक भाजीत काळा मसाला लागतो, परंतु तो घातल्यावर ही काय आणि मेथी काय, काहीच कळत नाही. कच्ची पाने बारीक चिरून दाण्याच्या कुटात आणि दह्यात कालवली तरी चांगली लागतात, मात्र ती थोडीच खावीत.

थोडीच का, ते आधी सांगायला हवे होते. हिच्यात ऑक्झलेट बरेच असते, म्हणून ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी ती टाळलेली बरी, आणि इतरांनीही उकळलेले पाणी फेकूनच द्यावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी तिला पालेभाजी न समजता मीठच समजावे. माझ्या खाऱ्या तुकड्यातली पाने कुंडीतल्या पानांपेक्षा कितीतरी खारट असत, त्यामुळे आपल्या गच्चीवरच्या भाजीला माझे प्रमाण लागू होणार नाही. शिवाय ही वनस्पती शिसे आणि कॅडमियमसारखे जड धातूही मातीतून उचलते. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांच्या कडेची, कारखान्यांचे पाणी जिथे येते तिथली पाने खाण्यासाठी कदापि आणू नयेत, आणि आपल्या कुंडीतही कुठल्या कारखान्याजवळची माती भरू नये.

फाटे आणताना कांदळवनातून उपटू नयेत, ते कायद्याने संरक्षित आहे. किनाऱ्यावर कोणाची वाडी असेल तर मालकाला विचारून चार फाटे मागावेत, कोणी नाही म्हणत नाही. मे महिन्याच्या सुटीत आणले तर धुळ्यात मुळे धरेपर्यंत ते सावलीत ठेवावे लागतील. दिवाळीच्या सुमारास आणले तर तीही काळजी नको.