कुत्रं अंगावर उडी मारतं: पाहुणे यायच्या आधी हे वाचा

सुट्ट्या लागल्या, पाहुणे यायला लागले की क्लिनिकमध्ये तोच प्रश्न परत परत येतो, म्हणून जमतील तेवढी उत्तरं एकदाच लिहून टाकतो. प्रत्येक प्रश्नाआधी विचारणारे कुठले ते दिलंय.

सिडको : पिल्लू चार महिन्यांचं आहे, आताच शिकवायचं की मोठं होऊ द्यायचं?
आजपासून. पाच किलोच्या पिल्लाची उडी गोड वाटते, तीच उडी तीस किलोचा कुत्रा मारेल तेव्हा तुम्हीच त्याला ओरडणार.

कॉलेज रोड : आमचा लॅब्रेडॉर आठ महिन्यांचा आहे, दारात कुणी आलं की थेट छातीवर पाय. ओळखीच्यांनी सांगितलं उडी मारली की गुडघा घाला. ऑनलाइन करंटचा पट्टा पण बघितलाय, घेऊ का?
नको. दोन्ही नको, आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण गुडघ्याचा सल्ला देणाऱ्यांनी अगदी वैताग आणलाय. पिल्लं आईच्या तोंडाशी जाऊन चाटतात, ती त्यांची भेटायची पद्धत आणि तुमचं तोंड वर आहे म्हणून तो वर येतो, एवढंच आहे हे. तो प्रेमाने धावत येतोय आणि तुम्ही बरगडीत गुडघा घालताय, लागलं तर दुखापत होतेच पण नाही लागलं तरी तो काय शिकतो, की माणूस जवळ आला की दुखतं. मग काही महिन्यांनी हेच लोक माझ्याकडे येतात, डॉक्टर हा पाहुण्यांवर गुरगुरतो म्हणून. करंटच्या पट्ट्याचं तर त्याहून वाईट. झटका बसला त्या क्षणी तो शेजारच्या काकूंकडे बघत असेल तर त्याच्या डोक्यात झटका काकूंमुळे बसला असं पक्कं होतं. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये या पट्ट्यांवर 2010 पासून बंदी आहे, आपल्याकडे मात्र 'ट्रेनिंग कॉलर' असं गोंडस नाव देऊन विकतात.
करायचं ते साधं आहे. उडी मारली की हात छातीशी घ्या, पाठ फिरवा, बोलू नका, बघू नका. हाताने ढकललंत तर त्याला तो खेळ वाटतो, ओरडलात तरी त्याच्याकडे लक्ष दिलंतच की. चारही पाय जमिनीवर आले रे आले की लगेच कौतुक आणि खाऊ, तोही खाली, त्याच्या तोंडाच्या उंचीवर. बेल वाजली की आधी नेहमीचा साधा पट्टा लावा, मग दार उघडा, 'बस' म्हणा, बसला तरच पाहुण्यांनी हात लावायचा. पहिले काही दिवस उड्या वाढतील, कारण इतके दिवस चाललेलं अचानक का चालत नाही म्हणून तो जास्त जोर लावतो, नेमके तिथेच लोक हात टेकतात. आणि 'कुत्रा पंधरा दिवस आमच्याकडे ठेवा, गॅरंटी' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, तो तिथे शहाणा होईल आणि घरी येऊन परत उडी मारेल, कारण घरातली माणसं तीच. ट्रेनर हवाच असेल तर घरी येऊन तुम्हाला शिकवणारा घ्या, आधी व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, विचारून.

इंदिरानगर : उडी मारताना शेजारच्या मुलीला नख लागलं, थोडंसं रक्त आलं. आजीने हळद लावली. कुत्र्याला लस दिलेली आहे, मग काळजी नाही ना?
ताई, हे वाचताय त्याच क्षणी उठा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद, चुना, तिखट काही लावू नका आणि मुलीला आजच डॉक्टरकडे न्या. कुत्रा पंजे चाटतो, नखाला लाळ असू शकते, आणि रेबीज लाळेतून पसरतो. रक्त आलंय म्हणजे रेबीजच्या लसीबरोबर सीरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल का हे डॉक्टर ठरवतील, त्यांना कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड दाखवा. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते. रेबीजची लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही, त्यामुळे 'उद्या बघू' हे या बाबतीत चालणारच नाही.

पंचवटी : गावठी कुत्रा शिकतो का हे सगळं?
शिकतो. पटकन शिकतो.

नाशिकरोड : आम्ही सगळे पाठ फिरवतो पण बाबा उडी मारली की बिस्कीट देतात.
मग तो सुधारणार नाही. दहातल्या एका उडीला बिस्कीट मिळालं तरी तो बाकीच्या नऊ मारत राहतो. बाबांना थांबवू नका, त्यांनाच हे काम द्या: बिस्किटाचा डबा त्यांच्याकडे, पण कुत्रा बसल्यावरच डबा उघडायचा. बिस्कीट गोड नको, आणि कुत्र्याचं वजन जास्त असेल तर किती द्यायचं ते व्हेटला विचारा.

गंगापूर रोड : आमची कुत्री सात वर्षांची आहे, कधी उडी मारायची नाही, आता मारते आणि मध्येच गुरगुरते.
याला ट्रेनिंग लागत नाही, तपासणी लागते. या वयात वागणं अचानक बदललं तर दुखणं, कान, डोळे, सांधे सगळं बघावं लागतं. तोपर्यंत लहान मुलांना तिच्या जवळ सोडू नका आणि याच आठवड्यात घेऊन या, येताना ती गुरगुरते तेव्हाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा.