आधी चूल, मग चेटूक
तुझ्या कादंबरीचा पहिला खर्डा वाचला. मध्ययुगीन रशिया निवडलास, फार आवडलं. पण पहिल्याच पानावर जादू नको गं. आधी घरातली चूल दाखव. तिथल्या लोकश्रद्धेतला घरराखणा आत्मा, दोमोवोय, चुलीमागेच राहतो. घर बदलताना जुन्या चुलीतले निखारे नेऊन त्याला सोबत बोलावत. एवढा प्रसंग जीव ओतून लिहिलास की वाचक पुढचं सगळं मानतो. ९८८ मध्ये कीवच्या राजा व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी खेड्यांतल्या जुन्या श्रद्धा शतकानुशतकं टिकल्या. तुझी खरी कादंबरी तिथेच आहे: चर्चमध्ये गुडघे टेकणारी आजी रात्री दोमोवोयसाठी पावाचा तुकडा ठेवते. सनावळीशी मात्र खेळू नकोस. रशियनांनी मंगोलांविरुद्ध जिंकलेली कुलिकोवोची लढाई १३८० सालचीच राहू दे, आणि ती जादूला नाही, माणसांनाच जिंकू दे.