"सुई लावली की गाठ पसरते म्हणत्यात, खरं काय ओ मॅडम?"

कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. मागं एक मामा आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगला आयुष्य गेलेलं. हर्नियाच्या ऑपरेशनआधी एक्स-रे काढला त्यात डाग दिसला, सीटी केला तर फुप्फुसात 14 मिलिमीटरची गाठ. डॉक्टरांनी सीटी गायडेड बायोप्सी (सीटीत बघत सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं) सांगितली आणि घरात एकच गोंधळ, गाठ छेडायची नाही! पावण्यातल्या एकाची बायोप्सी केली आणि सहा महिन्यात गेला म्हणे.

मी विचारलं, त्यांचा आजार तेव्हा कुठपर्यंत गेला होता? मुलगा म्हणाला, लिव्हरपर्यंत. म्हणजे पसरलेलं आधीच होतं, सुईनं फक्त नाव कळलं. सुईच्या वाटेनं कॅन्सर पसरल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, नाही असं नाही, पण शंभरात एकापेक्षाही खूप कमी.

मग मुलानं विचारलं, टीबीच्या गोळ्या चालू करून बघूया की, तसं नाही का चालत? हा प्रश्न मला जास्त काळजीचा वाटतो, कारण ऐकायला शहाणपणाचा वाटतो. फाउंड्रीतल्या सिलिकाच्या धुळीनं टीबीचा धोका वाढतो तसा फुप्फुसाच्या कॅन्सरचाही वाढतो, आणि पेट स्कॅनमध्ये (कॅन्सरची गाठ चमकून दिसते ती तपासणी) टीबीची गाठसुद्धा चमकू शकते. अंदाजानं गोळ्या खात बसलं आणि तो कॅन्सर निघाला तर हातातले महिने गेले. (अगदी बारीक, 6 मिलिमीटरच्या आतल्या गाठीला सहसा सुई लावत नाहीत, गरज वाटली तर काही महिन्यांनी परत सीटी करतात, ती गोष्ट वेगळी.)

मामा आतापर्यंत गप्प होते. म्हणाले, "दुखतंय किती ते सांगा." जागा बधिर करतात, सीटीत बघत बघत सुई नेतात, सांगतील तेव्हा श्वास धरायचा, बारीक तुकडे घेतात, बस्स. खरा धोका वेगळाय आणि तो मी लपवत नाही, पाचेक जणांत एखाद्याला फुप्फुसाबाहेर हवा साठते, बहुतेकांची आपोआप जिरते, थोड्यांना नळी घालावी लागते, म्हणून नंतर काही तास थांबवून एक्स-रे काढतात. थुंकीत थोडं रक्त दिसू शकतं. घरी गेल्यावर अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच यायचं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं तर मामा नाही म्हणाले, आणि सूनबाईंनी पर्समधून क्लोपिडोग्रेलची स्ट्रिप काढली! स्टेंट बसवलेला, कुणाला सांगितलंच नव्हतं. अशी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच, म्हणून तारीख पुढं गेली.

रिपोर्ट टीबीचा आला. हे सांगताना मी जरा कचरते, कारण लोक लगेच म्हणतात बघा, काही नव्हतंच. त्याच सुमारास एका काकूंचा तसल्याच छोट्या गाठीचा रिपोर्ट कॅन्सरचा आला होता, त्यांचं ऑपरेशन झालं. मामांचा औषधांचा कोर्स चालू आहे, आणि बिडीवरनं आमचं भांडणही.