शिकवून तयार केलेला मुलगा निघून जातो, मग शिकवायचं का?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं मशिन शॉप आहे. पाच सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशिनं), माणसं १८. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून देतो. आयटीआय झालेली मुलं घेतो, तयार करतो, आणि वर्ष-दीड वर्षात ती चाकणला नाहीतर कागलच्या पंचतारांकित वसाहतीत मोठ्या कंपनीत जातात. त्यांच्याकडे ट्रेनिंग सेंटर असतं, आमच्याकडे शिकवायला माणूस नाही. सेटिंग आणि प्रोग्रॅम मीच बघतो. गेल्या महिन्यात नव्या मुलानं ऑफसेट (मशिनमध्ये भरायचा मापदुरुस्तीचा आकडा) चुकवला, हाउसिंगचे बोअर (आतली भोकं) मोठे झाले आणि अख्खा लॉट रिजेक्ट आला. शिकवण्यावर खर्च करावा की तयार ऑपरेटरच जास्त पगारावर घ्यावा? अप्रेंटिस घेणं आम्हाला सक्तीचं आहे का?
– एक कारखानदार, शिरोली (जि. कोल्हापूर)

उत्तर : आधी सक्तीचं सांगतो, ते लवकर संपतं. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा. २०१९मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. कंत्राटी कामगारही या मोजणीत येतात. ४ ते २९ माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. तुमच्याकडे १८ आहेत, म्हणजे सक्ती नाही. घ्यायचे ठरवलंत तर १८च्या १५ टक्क्यांत दोघं बसतात. २०१६च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. आयटीआय पास मुलाचं पायाभूत प्रशिक्षण झालेलं असतं, तो थेट मशिनवर येतो. माझं मत विचाराल तर दोघं घ्याच.

आता मुलं जातात त्याचं. मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा निदेशक होतो, पुढे एका मोठ्या कारखान्याच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवलं. तिथे शिकण्यासाठी मशिनं वेगळी, निदेशक वेगळे. चार मुलं सोडून गेली तरी उत्पादनाला धक्का लागत नसे. तुमच्याकडे एक गेला की एक मशिन उभं राहतं. हा फरक खरा आहे, आणि पगार, बस, कँटीन यांत तुम्ही त्यांची बरोबरी करू शकणार नाही, हेही खरं.

पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडलो : ‘सेटिंग आणि प्रोग्रॅम मीच बघतो.’ मग त्या मुलाच्या वाट्याला काय येतं? जॉब लावायचा, सायकल स्टार्ट करायची, जॉब काढायचा, बर (कडेला राहिलेली धातूची कोर) काढायची. एवढं हुशार मुलाला तीन महिन्यांत येतं. त्यानंतर वर्षभर तो तेच करत असेल, तर तेच काम जास्त पगारावर करायला तो जाणारच, आणि त्याचं काही चुकत नाही. मोठ्या लाइनवरही मुलगा महिनोन्‌महिने एकाच ऑपरेशनवर असतो. तुमच्या शॉपमध्ये मात्र ड्रॉइंग वाचण्यापासून फायनल इन्स्पेक्शनपर्यंत सगळं एका छपराखाली आहे. लहान जागेची ही ताकद तुम्ही स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. ती बाहेर काढा. दर आठवड्याला एक तरी सेटिंग मुलाच्या हातानं होऊ दे, तुम्ही शेजारी उभे राहा. वेळ जाईल, जाऊ दे.

शिकवायला माणूस नाही, हे कारण मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले जाणते कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत अगदी नवखी माणसं भरली गेली. तिथल्या सरकारनं १९४०मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा उपक्रम काढला होता. त्यात शिकवायचं कसं हे फोरमनलाच शिकवत, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि टोयोटानं ती उचलली. पायऱ्या चारच : मुलाची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. आपल्याकडे ‘बघ, असं करायचं’ म्हणून दुसऱ्या पायरीवरच धडा आटोपतो.

तुमच्या रिजेक्ट लॉटचंच घ्या. नेमकं काय घडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पाहिलेलं सांगतो. वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल झिजलं की माप सुधारायच्या आकड्यात, आधीचे -०.१२ मिमी आहेत आणि बोअर ०.०४नं लहान येतंय. मुलाला सांगितलं जातं, ‘चार वाढव.’ तो ०.०४ टाइप करतो आणि ‘प्लस इनपुट’ऐवजी ‘इनपुट’ दाबतो. मशिनच्या फॅनुक कंट्रोलवर ‘प्लस इनपुट’ दाबलं की आकडा आधीच्यात मिळवला जातो, म्हणजे -०.०८ होतो. नुसतं ‘इनपुट’ दाबलं की जुना आकडा जातो आणि ०.०४ बसतो. बोअर हव्या मापापेक्षा ०.१२नं मोठं होतं आणि कास्टिंग भंगारात जातं. मुलाला बटण दाखवलेलं असतं. दुसरं दाबलं तर काय होईल, हे कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून प्रत्येक नाजूक कामाचा एक कागद करा. तीन रकाने : काय करायचं, कुठे जपायचं, का जपायचं. ऑफसेटचा कागद अर्ध्या पानात मावतो. मुलानं ते काम तोंडानं ‘का’ सांगत सांगत करून दाखवलं, की मगच मशिन त्याच्या हातात द्या. आणि आकडा बदलल्यावर पहिला जॉब बोअर गेजनं मोजल्याशिवाय दुसरा चकमध्ये लावायचा नाही, हेही त्याच कागदावर लिहा. चुकीच्या आकड्यानं एक जॉब जातो. अख्खा लॉट गेला तो पहिला जॉब कुणी मोजला नाही म्हणून, आणि ती जबाबदारी नव्या पोरावर टाकू नका.

जे तुमच्याकडे शिकवताच येत नाही, उदाहरणार्थ सीएमएमवर (अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर) मोजणी, त्यासाठी शेजारचे शॉप सोबत घ्या. जर्मनीत लहान वर्कशॉपमधली शिकाऊ मुलं काही काळ कारागिरांच्या चेंबरच्या सामाईक केंद्रात शिकायला जातात. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. पाच-सहा शॉपची मुलं एकत्र पाठवण्याची व्यवस्था करा, असं तुमच्या असोसिएशनला सुचवा.

तयार ऑपरेटर अडल्यावेळी जरूर घ्या. पण त्याला जास्त पगार दिलात की जुनी मुलं दुसऱ्या दिवशी तुमच्या केबिनमध्ये येतील, हे धरून चाला. शिकवूनही काही मुलं जातीलच. जाताना त्यांना अनुभवाचा दाखला नीट द्या, अडवू नका. पुढच्या मुलांना तुमच्या शॉपचं नाव तीच सांगतात.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. दोघांतला एक प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग दुसऱ्यावर. शिकायची इच्छा आहे, पण मुलांचं नुकसान बघवत नाही.
– एक शिक्षिका, अकोले तालुका

उत्तर : ताई, तुमचं दुखणं वरच्या कारखानदारांचंच आहे, फक्त तुमच्याकडे उभं राहतं ते मशिन नसून वर्ग असतो. शिक्षण हक्क कायद्यानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगितलं. हे दोन्ही एका शाळेत कसं बसवायचं, हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. तो तुमच्या भागातल्या शाळांच्या केंद्राच्या, म्हणजे केंद्रप्रमुखांच्या, पातळीवर सुटायला हवा. द्विशिक्षकी शाळेतल्या दोघांना वेगवेगळ्या तुकडीत टाका आणि त्या दिवसांत मोठ्या शाळेतून एक शिक्षक द्या, अशी मागणी केंद्रप्रमुखांकडे लेखी करा. शेजारच्या शाळांच्या सह्या घ्या, म्हणजे अर्जाला वजन येईल. केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत बहुवर्ग अध्यापनाचा (एकाच वेळी अनेक वर्ग शिकवण्याचा) तासही मागा. एका वर्गाला एक शिक्षक असं गृहीत धरून दिलेल्या प्रशिक्षणाचा तुम्हाला अर्धाच उपयोग. आणि परतल्यावर सहकाऱ्याला नुसते मुद्दे सांगू नका. पहिली-दुसरी एकत्र बसवून तोच पाठ त्यांच्यासमोर घ्या, दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊ द्या आणि तुम्ही मागे बसून बघा.