डुकरांच्या खाद्यातली बुरशी आणि बिलामागची सात दिवसांची अट

खाद्य आणले, डुकरे आजारी पडली आणि विक्रेत्याने हात वर केले, अशी पत्रे सतत येतात. प्रश्नही ठरलेला असतो: बिलामागे छापलेली अट आम्हांला बांधते का? या वेळच्या पत्रातली हकीकत थोडक्यात सांगतो. वराहपालक वाचकाने गोळी खाद्याची पोती घेतली. दुसऱ्या दिवशी पहिले पोते फोडले तेव्हा कुबट वास आला, गोळ्यांचे गठ्ठे निघाले. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, 'उन्हात पसरा आणि घाला, काही होत नाही.' त्याप्रमाणे तीन आठवडे खाद्य घातले. डुकरांनी खाणे टाकले, काहींना उलट्या झाल्या, वयात न आलेल्या माद्यांची योनी सुजून लाल झाली, दोघींचे मायांग बाहेर आले, भरवलेल्या माद्या उलटल्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या. बिलामागची अट अशी: 'तक्रार माल मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी करावी, नंतर जबाबदारी राहणार नाही.' लेखी तक्रार गेली सव्वा महिन्याने. सहा पोती अजून न फोडता पडून आहेत आणि अर्धे बिल द्यायचे बाकी आहे.

तुम्ही सात दिवसांच्या अटीवर दीड पान लिहिले आहे. तिची मला फारशी काळजी वाटत नाही. करार कायद्याच्या कलम २८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १९९७ पासून, ठरावीक मुदत उलटली की हक्कच संपला असे म्हणणारी अट तेवढ्यापुरती रद्दबातल ठरते. 'ही केवळ कळवण्याची अट आहे, हक्क संपवणारी नाही' असा युक्तिवाद समोरचा वकील करील. शिवाय माल विक्री कायद्याचे कलम ६२ दाखवून, कायद्याने गृहीत धरलेल्या अटी करारात वगळता येतात, असेही म्हणेल. त्यावर सौदा आधी ठरला आणि बिल नंतर हातात पडले, हे आपले उत्तर. निकाल कसा लागेल हे न्यायाधीशावर आणि कागदांवर अवलंबून आहे. पण एवढ्या एका अटीवर प्रकरण बुडेल असे मला वाटत नाही.

बुडाले तर ते तुमच्याच पत्रातल्या एका वाक्याने बुडेल: 'दुसऱ्या दिवशीच वास आला होता.' हे तुम्ही ओघात लिहून गेलात. आता त्याचे परिणाम बघा. माल विक्री कायदा, १९३०, कलम ४२: माल ताब्यात आल्यावर नाकारतो असे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, किंवा मालकासारखा वापरला, की तो स्वीकारला असे धरतात. खाद्य डुकरांच्या पोटात गेले, याहून पक्का स्वीकार कोणता? स्वीकारल्यावर कलम १३ प्रमाणे माल परत करून सगळे पैसे मागण्याचा मार्ग बंद होतो, उरते ती नुकसानभरपाई. आणि ती मोजताना करार कायद्याचे कलम ७३ आडवे येते. नुकसान टाळायचे उपाय तुमच्या हातात होते का, हे तिथे पाहिले जाते. विक्रेत्याचा वकील उलटतपासणीत एवढेच विचारील: वास आला होता ना? मग तीन आठवडे का घातलेत? दुसऱ्या दिवसानंतरचे सगळे नुकसान तो तुमच्या खात्यावर टाकील, आणि खरे नुकसान सगळे त्यानंतरचेच आहे.

याला तोड एकच, आणि तीही तुमच्याच पत्रात आहे. विक्रेत्याचा तो फोन. तुम्ही सात दिवसांच्या आत कळवले होते आणि त्यानेच घालायला सांगितले. हे सिद्ध झाले तर तीन आठवड्यांचा दोष तुमच्या अंगावरून बराचसा उतरतो, आणि 'मुदतीत कळवले नाही' हा बचावही लंगडा पडतो. म्हणून मला तुमच्याकडून पहिली माहिती हवी ती ही की हे बोलणे नुसते फोनवर झाले की व्हॉट्सॲपवरही काही आहे. पोत्यांचा फोटो पाठवला होता का? त्यावर त्याचे 'ओके' जरी असेल तरी चालेल. असेल तर तो मोबाइल बदलू नका, संभाषण पुसू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यासाठी मूळ फोन जपलेला बरा. नुसता फोन झाला असेल तर कॉलच्या नोंदीतून फोन झाला एवढेच कळते, काय बोलणे झाले ते नाही. मग आजच्या आज त्याला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवा: अमुक तारखेला, अमुक वेळी मी वासाबद्दल कळवले, तुम्ही वाळवून घालायला सांगितलेत. तो गप्प बसला तर ते मौनही उद्या उपयोगी पडू शकते. हे पत्र सव्वा महिन्यापूर्वी जायला हवे होते. व्यवहार तोंडी आणि भांडण लेखी, या सवयीने माझ्याकडची निम्मी प्रकरणे कमजोर होतात.

वाळवण्याच्या सल्ल्याबद्दल एक गोष्ट तज्ज्ञाकडून वदवून घ्यायची आहे. उन्हाने बुरशी वाळते, विष तसेच राहते. ही विषे उष्णतेला दाद देत नाहीत, खाद्याच्या गोळ्या पाडतानाच्या वाफेनेही ती नष्ट होत नाहीत. उलट, नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या खाद्यातही ती असू शकतात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला वास कळला होता, विष कळले नव्हते, हा फरक न्यायालयापुढे ठामपणे मांडावा लागेल.

आता ती सहा पोती. दुकानदार म्हणतो, तुमच्या गोदामात ओल होती. इथे विषाचा प्रकार कामाला येतो. तुम्ही वर्णन केलेली योनीची सूज हे झिअरालेनोनचे ओळखीचे लक्षण आहे. ते शरीरात मादी संप्रेरकासारखे वागते आणि डुकरे त्याला विशेष हळवी असतात. उलट्या आणि खाणे टाकणे डीऑक्सिनिव्हॅलेनॉलकडे बोट दाखवतात. दोन्ही फ्युजेरियम बुरशीची विषे, आणि ही बुरशी मुख्यतः उभ्या पिकात, कापणीच्या आधी लागते. दोन्ही एकत्र सापडली तर विष मक्यात किंवा गव्हातच होते, म्हणजे पोते तुमच्या दारात येण्याआधीचे, असे म्हणायला चांगली जागा मिळते. 'मुख्यतः' म्हणतो, कारण झिअरालेनोन ओलसर साठ्यातही वाढू शकते. याउलट अहवालात फक्त ऑक्राटॉक्सिन किंवा अफ्लाटॉक्सिन निघाले, तर साठवणीतल्या बुरशीचा मुद्दा दुकानदाराला आयता मिळेल. शिवाय मग मूत्रपिंडाची किंवा यकृताची लक्षणे कुठे आहेत, असेही तो विचारील.

तेव्हा पोती स्वतः फोडून प्रयोगशाळेत धावू नका. तुमच्या खासगी अहवालावर पहिला प्रश्न येईल: नमुना कुठला? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे ग्राहक आयोग तक्रारदाराकडून नमुना घेऊन, मोहोर लावून, प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्यासाठी किमान तीन पोती हात न लावता, लॉट क्रमांकाच्या चिठ्ठीसकट, कोरड्या जागी ठेवा. उरलेल्यांतून नमुना काढायला विक्रेत्याला लेखी बोलवा. आला नाही तर पशुवैद्य आणि दोन पंचांसमोर काढा आणि पंचनामा करा. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते, कोपऱ्याकोपऱ्यात साठते, म्हणून प्रत्येक पोत्याच्या अनेक जागांतून घेऊन नीट मिसळून तीन भाग करा: एक प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याला, एक तुमच्याकडे मोहोरबंद. प्लॅस्टिकमध्ये ओला माल कोंडलात तर बुरशी वाटेत वाढेल आणि अहवालाची किंमत शून्य होईल. कागदी पिशवी वापरा आणि थंड जागी ठेवा.

अहवालात नुसते 'आढळले' असून भागत नाही, प्रमाण हवे. युरोपीय संघाच्या २००६ च्या शिफारशीत डुकरांच्या पूर्ण खाद्यासाठी डीऑक्सिनिव्हॅलेनॉलची पातळी किलोला ०.९ मिलिग्रॅम आहे. झिअरालेनोनची पिले आणि तरुण माद्यांसाठी ०.१, तर मोठ्या माद्यांसाठी ०.२५. हे आकडे आपल्या विक्रेत्याला बंधनकारक नाहीत, पण तज्ज्ञाला टेकू म्हणून उपयोगी आहेत.

२०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पेरून संपलेल्या बियाण्याचा नमुना शेतकऱ्याने राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही. हा निकाल अनेक वाचक मला पाठवतात. तुमच्याकडे पोती शिल्लक आहेत, त्यामुळे तो तुम्हाला जेमतेमच आधार देईल. पोती टाकून दिलीत तर मुळीच नाही.

आयोगाकडे जाता येईल का, हे तुमच्या व्यवसायाच्या आकारावर ठरेल. पोट भरण्यासाठी स्वतः राबत असाल तर 'ग्राहक' ठरण्याची शक्यता चांगली. पगारी माणसे ठेवून मोठा धंदा असेल तर 'व्यापारी हेतू'ची हरकत येईल आणि दिवाणी न्यायालय गाठावे लागेल. आयोगाची मुदत दोन वर्षे, दिवाणी दाव्याची साधारण तीन. आयोगापुढे, बिलावर दुसऱ्या गावचे न्यायालय छापलेले असले तरी, तुम्ही राहता तिथे तक्रार दाखल होऊ शकते. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. कायदा बरेच काही म्हणतो. तुम्ही वर्षांच्या हिशेबाने तयारी ठेवा.

पशुवैद्याकडून लेखी मत घ्या, आणि त्यात इतर कारणे का वगळली हेही असू द्या. गाभ न राहणे पार्व्होव्हायरसने किंवा पीआरआरएस या डुकरांच्या विषाणूजन्य रोगानेही होते. रक्ताचे नमुने घेतले नसतील तर लगेच घ्या. एखादे जनावर दगावले तर शवविच्छेदनाशिवाय पुरू नका, आणि सांसर्गिक रोगाचा संशय असेल तर जनावरांच्या सांसर्गिक रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. न जन्मलेल्या पिलांचा नफा मागता येईल का, याबद्दल मी आत्ता काही आश्वासन देत नाही.

राहिलेल्या बिलाचे काय? माल विक्री कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मालातील दोषाची भरपाई किमतीतून वजा मागता येते, म्हणून घाईने सगळे पैसे देऊन टाकू नका आणि 'कधीच देणार नाही' असेही लिहू नका. पण विक्रेत्याकडे तुमचा सही केलेला धनादेश पडून असेल तर ते मला आधी कळवा. तो वटला नाही तर न वटलेल्या धनादेशाबद्दलची, चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस येईल. ती मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस असतात, आणि या कागदाला सव्वा महिना लावून चालणार नाही.