मी डावखुरा आहे. मुंबईत बेस गिटार घ्यायची तर डावखुरीच घ्यावी का, आणि घेताना काय बघावं?

आधी दुकानात साधी उजवी बेस दोन्ही बाजूंनी मांडीवर घेऊन बघा. ताल आपसूक धरणारा हात तारा छेडायला हवा. लिहायला डावे असलेले बरेच जण उजवी बेस आरामात वाजवतात, आणि तसं जमलं तर निवड खूप मोठी होते.

नाहीच जमलं, तर मात्र डावखुरीच घ्या. उजवी उलटी करून तारा बदलण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण नटच्या, म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा तारांच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. उलट केल्यावर जाड ई तार खाचेत बसत नाही आणि बारीक जी तार सैल हलते. नट बदलला, तरी आवाजाचे नॉब कोपराखाली येतात आणि वरच्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हात पोचत नाही. बीटल्सचा डावखुरा बेसवादक पॉल मॅकार्टनी याने १९६१मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतलेली हॉफनर बेस दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराची होती. बहुतेक बेस तशा नसतात.

धोबी तलावला फुर्टाडोस या वाद्यांच्या दुकानात जाण्याआधी फोन करा, कारण डावखुरी बेस बहुधा मागवावी लागते. न पाहता मागवणार असाल, तर परतीची अट लेखी घ्या.

जुनी घेताना ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, किंचित फट दिसायला हवी. आपल्या पावसाळ्यात नेक वाकते, म्हणून ट्रस रॉड (नेकचा बाक नीट करणारा तिच्या आतला धातूचा दांडा) फिरतो ना, हेही विक्रेत्याकडून तिथेच तपासून घ्या. हात लहान असतील तर ३४ऐवजी ३० इंची स्केलची (वाजणाऱ्या तारेची लांबी) विचारा.