सपाट वाटेचा शीण

प्रश्न : आम्ही दोघंही साठीच्या घरात आहोत. रोज सकाळी पंचवीस-तीस किलोमीटर सायकल होते, पण चढ मला झेपत नाहीत. म्हणून पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन ही मोटारी नसलेली वाट निवडली आहे. सगळे म्हणतात, ती अगदी सपाट आहे. सात दिवसांत आरामात होईल, असा आमच्या ह्यांचा हिशेब. सुरुवात कुठल्या टोकाकडून करावी?

उत्तर : पिट्सबर्गहून निघा. टोकाचा प्रश्न इतक्यात मिटला. ह्यांच्या हिशेबाशी मात्र माझं भांडण आहे.

तुम्ही म्हणता ती एक वाट नाही. कंबरलंड गावात दोन वाटा एकमेकींना मिळतात. पिट्सबर्ग ते कंबरलंड ही ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’, २४० किलोमीटर, जुन्या रेल्वेमार्गावरून जाणारी. तिथून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपर्यंत ‘चेसापीक अँड ओहायो’ कालव्याचा काठ, २९७ किलोमीटर. पहिली वाट इंजिनासाठी बांधली, दुसरी खेचरांसाठी. अशी कुठलीही वाट निवडताना ती मुळात कोणासाठी बांधली होती हे मी आधी बघते, कारण पुढचं बरंचसं त्यातच ठरलेलं असतं.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, म्हणून रेल्वेवाले चढ लांबवत नेतात. पिट्सबर्गकडून आलात तर ७२९ मीटर उंचीचा माथा गाठायला सुमारे २०० किलोमीटर मिळतात. चढतो आहोत हे कळतही नाही. माथ्यापासून कंबरलंडपर्यंत ३८ किलोमीटरचा उतार आहे. उलट बाजूने आलात तर हेच ३८ किलोमीटर सरासरी दीड टक्क्याने चढायचे. आकडा किरकोळ वाटतो, पण दीड टक्क्याचा चढ डोळ्यांना दिसत नाही. रस्ता सपाट दिसतोय, सायकल काही पुढे सरत नाही, मग माणूस थांबून ब्रेक चाकाला घासतोय का ते तपासतो.

कालव्याची गोष्ट वेगळी. १९२४ पर्यंत तिथे मालाच्या नावा चालत, आणि काठावरची खेचरं दोराने त्या ओढत. पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. उंची बदलते ती फक्त लॉकपाशी, म्हणजे दारं लावून नाव वर-खाली करतात त्या जागी. असे ७४ लॉक मिळून एकूण फरक १८४ मीटरचा, आणि तुमच्या दिशेने ती प्रत्येक पायरी उतरती.

मग भांडण कशाचं? चढउताराच्या रस्त्यावर शरीर सारखं हलतं. चढावर तुम्ही पेडलवर उभ्या राहता, उतारावर पाय थांबतात, बूड सीटवरून उचललं जातं. कालव्याकाठी यातलं काही घडत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच गिअर, तीच बैठक, आणि पेडल मारणं थांबवलं की सायकल थांबते. छाती दमत नाही. बूड, तळहात आणि मान मात्र दमतात. एकूण ५३७ किलोमीटर, म्हणजे सात दिवसांत रोज ७७. तुमच्या सवयीच्या अडीचपट, तेही खडीवर आणि सामान लादून. नऊ दिवस धरा. पहिले दोन दिवस पन्नासच करा, मग साठ-पासष्ट जमेल. दर पाऊण तासाने उतरून दोन मिनिटं चाला. जागा असेल तिथे हँडलवरची पकड बदला, करंगळीला मुंग्या यायची वाट पाहू नका.

पाऊस पडला तर हा हिशेबही कोलमडतो. रेल्वेच्या वाटेवर चुनखडीची बारीक चुरी दाबून बसवली आहे, तिच्यातून पाणी लवकर झिरपतं. कालव्याच्या काठावर बऱ्याच ठिकाणी माती आणि चुरी एकत्र आहे. दोन दिवस पाऊस झाला की तिथे चिखल, आणि तो मडगार्डमध्ये असा गच्च बसतो की चाक फिरत नाही. एखादी बारीक काडी हाताशी ठेवा, थांबून काढावा लागतो.

पाण्याची सोय बरी आहे. काठावरच्या मुक्कामाच्या जागी हातपंप आहेत, त्यांचं पाणी आयोडीनने शुद्ध केलेलं असतं. चव आवडायची नाही, पण प्यायला हरकत नाही. हिवाळ्यात पंपांचे दांडे काढून ठेवतात. रेल्वेच्या वाटेवरचा बिग सॅव्हेज बोगदाही हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा त्या दिवसांत जाऊच नका. कालव्यावरच्या पॉ पॉ बोगद्यासाठी बॅटरी हवी. तो ९५० मीटर लांब, आत काळोख, वाट अरुंद आणि ओबडधोबड. तिथे सायकल हाताने ढकलायची. ह्यांना चालवायचा मोह होईल, त्यांच्या मागे राहा.

प्रश्न : माझ्याकडे ३२ मिलिमीटर टायरची साधी हायब्रिड आहे. खडीच्या वाटांसाठी ग्रॅव्हल बाइक घ्यावीच लागेल का?

उत्तर : नाही. दाबून बसवलेल्या चुरीवर ३२ चं टायर उत्तम चालतं. फ्रेममध्ये जागा असेल तर ३८-४० चं टाका, नवी सायकल घेण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडेल. आणि हवा कमी भरा. दगडासारखं कडक टायर खडीवर उड्या मारतं, हात बधिर करतं. सत्तर किलोच्या माणसाने ४० च्या टायरला ३५-४० पीएसआयपासून सुरुवात करून स्वतःला मानवेल तसं कमी-जास्त करावं. सामान असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त.

प्रश्न : फ्रान्समधल्या कॅनाल दु मिदीचे फोटो पाहिले. दुतर्फा झाडं, गर्द सावली. चार वर्षांच्या मुलीला मागे ट्रेलरमध्ये बसवून तुलूझपासून समुद्रापर्यंत जायचा विचार आहे.

उत्तर : फोटो कधीचे आहेत ते आधी पाहा. हा कालवा १६६६ ते १६८१ मध्ये खोदला आणि काठावर पुढे हजारो प्लेन वृक्ष लावले गेले. २००६ मध्ये त्यांच्यात एका बुरशीची लागण आढळली. तिच्यावर औषध नाही, म्हणून रोगट झाडं तोडून जाळावी लागली. नवी झाडं वेगवेगळ्या जातींची लावत आहेत, पण ती वाढेपर्यंत कित्येक पट्टे उघडे आहेत. ज्या सावलीच्या भरवशावर निघाला आहात, ती तिथे असेलच असं नाही.

ट्रेलरचं म्हणाल, तर तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी आणि रुंद आहेत. तेवढे आनंदाने करा. पुढे वाट मातीची होते, कुठे एका चाकाएवढी, आणि मुळं वर आलेली. सायकलला दोन चाकं एका रेषेत असतात, ट्रेलरची दोन बाजूंना. तुम्ही मूळ चुकवाल, पोरगी नाही चुकवणार. सगळे २४० किलोमीटर करायचेच असतील तर ती स्वतःच्या सायकलवर बसेल तेव्हा करा.

प्रश्न : जंगलातल्या खडीच्या रस्त्यांवर गाड्या नसतात ना? नकाशात फाटकं दिसतात, म्हणजे बंदच असणार.

उत्तर : तुमच्या-माझ्या गाड्यांसाठी बंद. जंगलातले असे पुष्कळ रस्ते लाकडाच्या ट्रकसाठी बांधलेले असतात, आणि तोड चालू असेल तेव्हा ते ट्रक चालतात. समोर कोणी येईल ही अपेक्षा त्या ड्रायव्हरलाही नसते. तोडीची सूचना फाटकावर लावली असेल तर वाचा, आणि शक्यतो सुट्टीच्या दिवशी जा. वळणावर आपली बाजू सोडू नका, दोन्ही कानांत गाणी लावू नका.

इथे इंजिनाची आणि खेचराची मेहेरबानी संपली. ट्रकला दहा टक्क्यांचा चढ चालतो, म्हणून तो तुमच्याही वाट्याला येतो. खडी जाडी आणि सुटी असते, उतारावर ट्रकच्या चाकांनी आडव्या लाटा उठवलेल्या असतात. वेग वळणाआधी कमी करा, वळणात पुढचा ब्रेक दाबलात तर पुढचं चाक निसटेल. वजन मागे, कोपर सैल, आणि नजर चाकाखाली न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे.

घोड्यावरचं माणूस दिसलं तर घंटी वाजवू नका. दुरूनच बोला. माणसाचा आवाज घोडा ओळखतो, घंटीने बुजतो. आणि फाटक ज्या स्थितीत मिळालं त्याच स्थितीत सोडून पुढे जा.